आधी मे महिना, मग मासा

खाऱ्या पाण्याच्या टाकीची हौस बहुतेकांना डिसेंबर-जानेवारीत लागते. हवा गार असते, दुकानातल्या निळ्या उजेडात नारिंगी-पांढऱ्या क्लाउनफिशची जोडी डुलत असते आणि सोबतच्या पोराने ‘फाइंडिंग निमो’ पाहिलेला असतो. दुकानदार टाकी, स्टँड, दिवा, पंप आणि मासे असं एकगठ्ठा ‘पॅकेज’ सांगतो. आठवड्याभरात समुद्र घरी येतो आणि बहुधा एप्रिल काही ओलांडत नाही.

म्हणून पहिल्या टाकीची आखणी करताना एक प्रसंग कागदावर लिहून ठेवा. मे महिन्यातली दुपार आहे, दोन वाजलेत, घरातले सगळे लग्नाला गेलेत आणि वीज गेली आहे. ती सहाला येणार. या चार तासांत टाकीत काय होईल? टाकीचा आकार, जागा, माशांची संख्या, पंप, थंडाव्याची सोय हे सगळं याच एका प्रश्नाच्या उत्तरातून ठरवत जायचं. मासा कोणता, हा प्रश्न या प्रकरणात बराच खाली येईल.

त्या दुपारी सगळ्यात आधी संपतो तो ऑक्सिजन. २५ अंश सेल्सिअसला एक लिटर गोडं पाणी सव्वाआठ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन धरून ठेवू शकतं. समुद्राचं पाणी त्याच तापमानाला पावणेसातच धरतं, आणि पाणी ३२ अंशांवर गेलं की जेमतेम सहा. म्हणजे मीठ आणि उष्णता दोघांनी मिळून साठा आधीच कमी केलेला असतो. त्यात मासे थंड रक्ताचे. पाणी तापलं की त्यांच्या शरीराचा कारभार वेगाने चालतो आणि त्यांना ऑक्सिजन जास्त लागतो. पंप बंद पडला की पाण्याचा पृष्ठभाग हलायचा थांबतो, आणि हवेतला ऑक्सिजन पाण्यात उतरतो तो त्या हलणाऱ्या पृष्ठभागातूनच.

ही अडचण टाकीच्या छंदाइतकीच जुनी आहे. ॲना थिन ही लंडनमधली धर्मगुरूची पत्नी. तिने १८४६ साली इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ घरी आणले आणि जवळपास तीन वर्षं सांभाळले. तेव्हा पंप नव्हते. तिच्या घरची मोलकरीण रोज अर्धा-पाऊण तास उघड्या खिडकीपाशी उभी राहून समुद्राचं पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत असे. घराघरांत टाक्यांची लाट आणणारा फिलिप हेन्री गॉस आणि १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात उघडलेलं पहिलं सार्वजनिक मत्स्यालय हे सगळं त्यानंतरचं. इतिहासात नाव गॉसचं झालं. मला त्या मोलकरणीचं नाव माहीत करून घ्यायला आवडलं असतं. वीज गेली आणि तुम्ही घरी असाल तर आजही तोच उपाय लागू आहे. मगभर पाणी काढा, फूटभर उंचीवरून परत सोडा, दर पंधरा मिनिटांनी पाच-दहा मिनिटं.

घरी नसाल त्या दिवसासाठी बॅटरीवरचा एअरपंप घ्या, वीज जाताच आपोआप सुरू होणारा. घरात इन्व्हर्टर असेल तर टाकीतला पाणी फिरवणारा छोटा पंप तेवढा त्यावर घ्या. तो दहा-पंधरा वॉटचा असतो, बॅटरीला जड नाही. दिवे बंद राहिले तर माशांचं काही बिघडत नाही. पाणी थंड करणाऱ्या चिलरचा कॉम्प्रेसर मात्र इन्व्हर्टरवर टाकू नका.

आता आकार. नवख्याने लहान टाकीपासून सुरुवात करावी, असं बहुतेकांना वाटतं. खाऱ्या पाण्यात ते उलटं पडतं. चाळीस लिटरची टाकी खोलीबरोबर तापते, दोन दिवसांच्या बाष्पीभवनानेच खारट होते आणि एक मासा दगडामागे मरून पडला तर सगळं पाणी नासतं. मोठी टाकी चुका सावकाश करते. माझ्या मते तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच ही पहिल्या टाकीची चांगली मापं. काठोकाठ भरली तर १९० लिटर, दगड-वाळू आणि वरची मोकळी जागा सोडली तर दीडशे-पावणेदोनशे. चार फुटांची परवडत असेल तर अधिक चांगली, पण पाणी बदलायला बादल्या तुम्हालाच उचलायच्या आहेत, हेही धरा.

पाणी, काच, दगड आणि स्टँड मिळून ही तीन फुटी टाकी पावणेतीनशे किलोच्या घरात जाते, आणि तीही साडेचार चौरस फुटांवर उभी. आपल्याकडे राहत्या घरांच्या फरशीचा भार भारतीय मानकांप्रमाणे चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास धरतात. तो खोलीभर पसरलेला असतो, त्यामुळे लगेच घाबरायचं कारण नाही. तरी टाकी भिंतीला लागून, बीमच्या वर किंवा जवळ आणि बीमला आडवी ठेवावी. बाल्कनी नको. जुन्या चाळीतला लाकडी तुळयांचा मजला असेल तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय काहीच नको. पश्चिमेची भिंत आणि दुपारचं ऊन येणारी खिडकीही टाळा.

स्टँडबद्दल सुतार आणि फॅब्रिकेटर दोघेही हमी देतील. खाऱ्या पाण्याचे बारीक तुषार टाकीच्या कडांवर, तारांवर, स्टँडच्या सांध्यांत सुकत राहतात आणि पांढरी खरबरीत साय धरतात. लोखंडी अँगलचा स्टँड वेल्डिंगच्या जागी दोन पावसाळ्यांत पापुद्रे सोडायला लागतो. पावडर कोटिंग नीट करून घ्या किंवा मरीन प्लायचा घ्या. ही मिठाची साय विजेच्या बोर्डापर्यंतही पोचते, म्हणून बोर्ड टाकीच्या मागे खाली नको, बाजूला आणि उंचावर हवा. प्रत्येक वायर प्लगकडे जाण्याआधी खाली झोळ खाईल अशी सोडा, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी झोळाच्या तळाशी टपकेल, प्लगमध्ये शिरणार नाही. आणि टाकीच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवा. ओला हात खाऱ्या पाण्यात घालायचा छंद आहे हा.

थंडाव्याचा खर्च टाकीच्या खर्चाहून मोठा होऊ शकतो, त्यामुळे तिथे डोकं लावायला हवं. पुस्तकांत २५ ते २७ अंश लिहिलेलं असतं. आपल्याच लक्षद्वीपच्या समुद्रात एप्रिल-मेमध्ये पाणी तिशीच्या आसपास जातं, आणि तिथले मासे ते सोसतात. त्यांना सोसत नाही ती रोजची चार-पाच अंशांची चढउतार. फक्त मासे ठेवणार असाल तर बारा महिने २७-२८ वर स्थिर राहणारी टाकी उत्तम.

पहिला उपाय पाण्याच्या पृष्ठभागावर वारा मारणाऱ्या छोट्या पंख्यांचा. बाष्पीभवनाने पाणी थंड होतं, पण किती, हे हवेतल्या दमटपणावर ठरतं. म्हणून ४४ अंशांच्या कोरड्या नागपुरात हे पंखे झकास चालतात आणि ३४ अंशांच्या घामट मुंबईत जवळजवळ नापास होतात. नागपूरकराला त्याची किंमत पाण्यात मोजावी लागते. टाकी रोज कित्येक लिटर हवेत सोडते. पुण्यात पंख्यांवर बहुतेक वर्षं निभावतात. मुंबई, ठाणे, रत्नागिरी, पणजी इथे मात्र चिलर धरूनच अंदाजपत्रक करा. चिलर खोलीतच बसवलात तर पाण्यातली उष्णता काढून तो खोलीतच फेकतो, हेही विसरू नका. त्याचं तोंड खिडकीकडे हवं.

बाष्पीभवनाचा विषय निघाला आहे तर नवखे हमखास अडखळतात ती गोष्ट इथेच सांगतो. पाणी उडून जातं, मीठ जात नाही. रोजची घट गोड्या पाण्याने भरायची. खारं पाणी करायचं ते फक्त पाणी बदलताना.

आता ते खारं पाणी. खुल्या समुद्रात किलोला ३५ ग्रॅम क्षार असतात. छंदातल्या भाषेत विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६. कोकणातला कोणीही विचारेल की समुद्र दाराशी असताना पाणी विकत कशाला बनवायचं? किनाऱ्यालगतचं पाणी गढूळ असतं, शहराजवळ सांडपाणी असतं आणि पावसाळ्यात नद्या-खाड्यांनी ते पातळ केलेलं असतं. खोल समुद्रातून ओळखीच्या खलाशाने ड्रम भरून आणून दिला तर ते पाणी चांगलं. पण त्या ओळखीवर बारा महिन्यांची आखणी बसवता येत नाही.

मग मिठागरातलं खडं मीठ? शिरोड्याचं, उरणचं, स्वस्त आणि शंभर टक्के समुद्राचं? इथे थांबून मिठागरात काय घडतं ते पाहू. भरतीचं पाणी आगरात घेतात आणि उन्हात आटवतात. आटताना सगळे क्षार एकदम खाली बसत नाहीत. आधी चुना बसतो, मग जिप्सम, आणि त्यानंतर पुढच्या वाफ्यात खायचं मीठ, म्हणजे सोडिअम क्लोराइड. मॅग्नेशिअम आणि पोटॅशिअम शेवटच्या कडवट पाण्यात राहतात आणि ते पाणी सोडून दिलं जातं. आगरातून हाती येतं ते समुद्रातून बाकी बरंच वजा केलेलं मीठ. टाकीला नेमकं वजा झालेलंच हवं असतं. पाण्याचा पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, ८.१ ते ८.४ दरम्यान धरून ठेवणारे कार्बोनेट, लिटरमागे चारशेहून थोडं अधिक मिलिग्रॅम कॅल्शिअम, तेराशेच्या आसपास मॅग्नेशिअम. म्हणून मत्स्यपालनासाठी बनवलेलं ‘मरीन सॉल्ट’च घ्यायचं, लिटरला साधारण ३५ ते ४० ग्रॅम, पिशवीवर लिहिलं असेल तसं. स्वयंपाकघरातल्या आयोडीनयुक्त मिठाचा प्रश्नच नाही.

हे मीठ कोणत्या पाण्यात विरघळवायचं, त्यावरही पुढची डोकेदुखी ठरते. धरणाच्या नळाच्या पाण्यात क्लोरीन, बोअर-टँकरच्या पाण्यात नायट्रेट आणि सिलिका. शेवटची दोन्ही शेवाळाचं खाद्य. स्वयंपाकघरात आरओ आहे, म्हणून निश्चिंत होऊ नका. घरगुती यंत्रांत बहुधा ‘टीडीएस कंट्रोलर’ नाहीतर मिनरल कार्ट्रिज असते. पाणी बेचव लागू नये म्हणून ते यंत्र गाळलेल्या पाण्यात थोडं न गाळलेलं पाणी किंवा खनिजं परत मिसळतं. माणसाला बरं, टाकीला नको. आरओच्या पुढे डीआय रेझिनचा डबा जोडलेलं छोटं यंत्र मिळतं. मीटर शून्य दाखवेल असं पाणी त्यातून येतं.

मिठाचं पाणी टाकीत नव्हे, वेगळ्या ड्रममध्ये पंप लावून रात्रभर फिरवा. आधी ते दुधाळ दिसतं, सकाळी नितळ होतं. मग रिफ्रॅक्टोमीटर. काचेवर एक थेंब, झाकण दाबायचं आणि नळी उजेडाकडे धरून एका डोळ्याने आत बघायचं. वर निळं, खाली पांढरं, आणि दोन्हींच्या सीमेवरचा आकडा म्हणजे तुमचा समुद्र. हे उपकरण शुद्ध पाण्याने शून्यावर जुळवण्यापेक्षा ३५च्या प्रमाण द्रावणाने जुळवलेलं बरं, कारण आपल्याला अचूकपणा तिथे हवा आहे.

दगडांपाशी आलो की कायदा आड येतो, आणि यावा हेच योग्य. जकार्ताचे ली चिन इंग यांनी १९६१ साली आपली पद्धत जगापुढे मांडली. प्रवाळभित्तीवरचा जिवंत दगड, हवेचे बुडबुडे, ऊन, बाकी जवळपास काही नाही. दगडाच्या छिद्राछिद्रांतले जिवाणू पाणी साफ ठेवतात, हे त्यांच्या टाक्यांनी दाखवून दिलं आणि पुढे युरोपातली ‘बर्लिन पद्धत’ त्याच वाटेने गेली. आपल्याला ही वाट बंद आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२च्या पहिल्या अनुसूचीत २००१पासून सगळे पाषाणप्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे, समुद्रकाकड्या आणि समुद्रघोडे आले. म्हणजे वाघाला जे संरक्षण, तेच. मेलेल्या प्रवाळाचा तुकडाही त्यात आला. मुंबईच्या सागरी किनारा रस्त्यासाठी २०२० साली वरळी आणि हाजीअलीच्या खडकांवरच्या प्रवाळाच्या १८ वसाहती हलवायच्या होत्या, तर खुद्द महापालिकेला वनखात्याच्या वन्यजीव विभागाची परवानगी काढावी लागली. दुकानदार मागच्या खोलीत नेऊन प्रवाळाचा तुकडा, ‘फ्रॅग’, दाखवेल, समुद्रघोडाही दाखवेल. नाही म्हणायचं आणि ते दुकान सोडायचं. जो हे विकतो, त्याच्याकडचे मासे कुठून कसे धरलेले असतील, याचाही अंदाज येतो. आग्नेय आशियात साठच्या दशकापासून मासे गुंगवायला सायनाइड फवारण्याची चाल पडली. तसा मासा घरी येऊन खातोपितो, आणि काही आठवड्यांत कारण न कळता मरतो.

प्रवाळ पाहायचेच असतील तर मालवणला जाऊन तोंडाला नळी लावून पाण्यात उतरा. टाकीसाठी सच्छिद्र सिरॅमिक दगड किंवा सिमेंट-शिंपल्यांपासून केलेले कृत्रिम दगड मिळतात. दिसायला सुरुवातीला अगदीच बांधकामावरचे वाटतात. वर्षभरात त्यांच्यावर जांभळट थर चढला की ओळखू येत नाहीत.

त्या कोऱ्या दगडांत जिवाणू वसवणं म्हणजे ‘सायकल’. माशाच्या कल्ल्यांतून आणि उष्ट्या अन्नातून अमोनिया येतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन विषारी, तिसरं बरंच सौम्य, पाणी बदलून काढता येण्याजोगं. गोड्या पाण्याचे मासे पाळलेला माणूस इथे फसतो, कारण त्याने थोडा अमोनिया खपवून घेतलेला असतो. अमोनियाचा किती भाग विषारी रूपात राहतो, ते पाण्याच्या आम्लतेवर अवलंबून असतं. समुद्राच्या ८.२ पीएचला तो ७च्या गोड्या पाण्याच्या दसपटीहूनही जास्त असतो, आणि तापमान चढलं की आणखी वाढतो. पुन्हा ती मे महिन्यातली दुपार.

जिवाणूंना खाद्य म्हणून मासा सोडायचा नसतो. मासळीबाजारातून एक ताजी कोळंबी आणा, जाळीच्या पिशवीत घालून पाण्यात टांगा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती पांढरी, बुळबुळीत होते, आठवड्याने सुटायला लागते आणि दिवाणखान्यात ससून डॉकची आठवण येते. वास अगदीच सहन होत नसेल तर शुद्ध अमोनियाचे मोजके थेंबही चालतात. टेस्ट किटच्या नळीत दर दोन-तीन दिवसांनी रंग पाहायचा. अमोनिया चढतो, उतरतो. मग नायट्राइट चढतं आणि हट्टाने बसून राहतं. मग एका आठवड्यात तेही शून्य. या सगळ्याला चार ते सहा आठवडे लागतात. बाटलीतले जिवाणू घातले तर थोडे कमी, पण किट दोन्ही शून्य म्हणेपर्यंत दुकानाकडे फिरकू नका. मधल्या काळात काचेवर तपकिरी साय येईल, मग हिरवे केस उगवतील. घरचे विचारतील की मासे कुठे आहेत. दिवा दिवसाला सात-आठ तासांवर लावू नका आणि त्यांना कोळंबीची गोष्ट सांगा.

हाच काळ प्रोटीन स्किमर बसवून ताब्यात आणायचा. उंच नळीत बारीक बुडबुडे सोडतात, पाण्यातली विरघळलेली घाण त्यांना चिकटते आणि फेस होऊन वरच्या कपात साठते. पावसाळ्यात किनाऱ्यावर पिवळट फेस येतो, तो थोडाफार याच न्यायाने. कपातला चहाच्या रंगाचा द्रव फेकताना नाक धरावं लागतं. म्हणजे यंत्र चालू आहे.

आता मासा. पहिली निवड क्लाउनफिशच असावी, पण हॅचरीत जन्मलेली. मंडपम आणि विळिंजम इथे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांच्या पैदाशीचं तंत्र बसवलं आहे. आपल्याकडे ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात मॅन्ग्रोव्ह फाउंडेशनने क्लाउनफिशची हॅचरी काढली आणि तिथली पिल्लं वाढवण्याचं काम किनाऱ्यावरच्या गावांतल्या लोकांकडे दिलं. टाकीत जन्मलेला मासा पहिल्या दिवसापासून गोळी खातो. दोन लहान घ्या. सगळी पिल्लं नर होण्याच्याच बेताची असतात. जोडीतली दांडगी पुढे मादी होते, दुसरा नर राहतो, त्यामुळे दुकानात नर-मादी ओळखण्याची कसरत करायला नको. समुद्रफूल घेऊ नका. मासे त्याच्याशिवाय मजेत राहतात, आणि समुद्रफूल पंपात अडकून मेलं तर टाकीला घेऊन मरतं. सांभाळली तर ही जोडी पंधरा वर्षंही जगते, तेव्हा मुलाच्या हौसेसाठी घेत असाल तर मुलगा कॉलेजात गेल्यावर कोण बघणार तेही ठरवा.

सोबत एखादा गोबी, एखादा फायरफिश (तो उडी मारतो, झाकणावर जाळी हवी) आणि साफसफाई करणारी कोळंबी. तीन फुटी टाकीत चार मासे पुरे. पाचवा मासा बसतो, दिसतोही छान. त्या वीज गेलेल्या दुपारी मात्र तो बाकी चौघांच्या वाट्याचा ऑक्सिजन घेतो. रंगाला भुलून मँडरिन घेऊ नका, तो जिवंत सूक्ष्मजीवच खातो आणि नव्या टाकीत उपाशी मरतो. टँग जातीच्या माशांना पोहायला जागाच पुरत नाही.

प्रत्येक नवा मासा आधी चार आठवडे वेगळ्या साध्या टाकीत. खाऱ्या पाण्यातला पांढऱ्या ठिपक्यांचा रोग एकदा मुख्य टाकीत शिरला की तांब्याचं औषध तिथे वापरता येत नाही, कोळंबी मरते. मग मासे बाहेर काढून टाकी अडीच महिने मोकळी ठेवावी लागते. ही दुसरी टाकी म्हणजे चाळीस लिटरचा प्लॅस्टिकचा टबही चालेल; लहान टाकीचा उपयोग आहे तो एवढाच.

राहता राहिला गणपतीचा आठवडा. चतुर्थीला गावी जायचं असतं, आणि टाकी शेजारच्या काकूंकडे सोपवावी लागते. काकू प्रेमळ असतात आणि मासे काचेशी येऊन सतत भुकेले दिसतात, त्यामुळे टाक्या उपासापेक्षा लाडाने अधिक मरतात. निघण्याच्या दोन दिवस आधी पाणी बदला. रोजची घट भरायचं गोडं पाणी सात बाटल्यांत भरून ठेवा, पाण्याच्या पातळीची खूण काचेवर मार्करने करा, आणि खाद्य कागदाच्या सात पुड्यांत मोजून द्या, पुडीवर वार घालून. चिमूटभर दिसेल, तेवढंच बरोबर आहे. उरलेल्या खाद्याचा डबा सोबत गावी न्या.